त्रेचाळीस दात

नाशिकमध्ये दिंडोरी नाक्याजवळ माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. फवारणी पंप, गवत कापण्याची यंत्रे आणि चेनसॉ एवढाच माझा पसारा. डिसेंबरच्या अखेरीस, निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. दीड महिन्यापूर्वी दुसरीकडून घेतलेला ५८ सीसीचा, २२ इंची बारचा (बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी) चेनसॉ लाकूड कापत नव्हता, नुसताच धूर काढत होता. आणि परतीच्या पावसात बांधावर आडवी झालेली जुनी बाभूळ डोळ्यांसमोर पडलेली असूनही रात्री बागेत शेकोट्या करायला घरात सरपण नव्हते. "यात ताकदच नाही, याच्याहून मोठं मशीन आहे का तुमच्याकडे?" असे त्यांनी विचारले. मोठे यंत्र माझ्याकडे होते आणि ते विकले असते तर त्या दिवसाची कमाईही बरी झाली असती, परंतु आधी पाहतो असे सांगून मी पेटी उचलली आणि चांदोरीच्या रस्त्याला लागलो.

थंडीच्या या दिवसांत तिकडे बागायतदाराला झोप नसते. गारठ्याने मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरू लागलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे ठिबकने विहिरीचे पाणी सोडायचे आणि ओळींमधून शेकोट्या पेटवायच्या, हाच उपाय. त्यामुळे त्यांचा चढलेला आवाज मी मनावर घेतला नाही.

यंत्र चालू करून त्यांनी माझ्यासमोर एक काप घेतला आणि मी यंत्राकडे न पाहता खाली पडणाऱ्या भुशाकडे पाहिले. धारदार चेन लाकडाच्या बारीक ढलप्या उडवते. येथे मात्र दळणाच्या पिठासारखी धूळ पडत होती आणि तेवढ्यात जळक्या लाकडाचा वासही सुटला. शिवाय काप सरळ खाली न जाता डावीकडे वळत होता. यंत्र बंद करवून, हातमोजा घालून चेन फिरवली तेव्हा उजव्या बाजूच्या दातांची टोके जवळजवळ सगळीच बोथट होऊन चकाकत होती. कारण बाभळीच्याच बुंध्यात सापडले. कधीकाळी कुंपणाची तार ठोकलेला खिळा झाडाने सालीआड गिळला होता आणि चेन त्याच्यावर घासून गेली होती. डावे दात थोडेफार चावत होते, उजवे नुसते घासत होते, म्हणून काप डावीकडे ओढला जात होता. इंजिनाचा यात काही दोष नव्हता.

दुसरी गोष्ट बारची. तेलाच्या टाकीत बार आणि चेनला वंगण देणाऱ्या चेन ऑइलऐवजी ट्रॅक्टरमधून काढलेले काळे ऑइल होते. ते फुकटचे असते, पण त्यातली लोखंडाची कीस आणि काजळी पंपाच्या बारीक वाटेत बसते. मी बारचे टोक एका पांढऱ्या ढलपीवर धरून थ्रॉटल दिला. त्यावर तेलाची बारीक रेघ उमटायला हवी होती, परंतु ढलपी कोरडीच राहिली. बार उतरवून तेलाचे छिद्र तारेने मोकळे केले, खाचेत साचलेला राबडा काढला आणि टाकी धुऊन माझ्याकडचे ऑइल भरले. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल त्यांनी अंदाजाने, जरा सढळ हातानेच ओतले होते. धूर त्याचाच होता. नेमके माप मी त्यांच्या बाटलीवर रेघ ओढून दाखवले, कारण तोंडी सांगितलेले माप हंगामापर्यंत टिकत नाही असा माझा अनुभव आहे.

मग बांधावर बसून ४.८ मिलिमीटरची गोल कानस काढली. २२ इंची बारवरच्या या चेनला ८६ ड्राइव्ह लिंक, म्हणजे बारच्या खाचेतून धावणाऱ्या कड्या, आणि ४३ दात असतात. एक डावा, एक उजवा असे ते जवळजवळ शेवटपर्यंत आलटून पालटून येतात. प्रत्येक दाताला ३० अंशांच्या कोनात, कानस फक्त पुढे ढकलत, मागे आणताना उचलून, मोजून तेवढेच हात द्यायचे, म्हणजे सगळ्या दातांची लांबी सारखी राहते. उजवे दात झिजले म्हणून तेच घासले तर ते आखूड होतात आणि काप तरीही वाकडाच जातो. म्हणून सर्वांत आखूड दाताला माप धरून बाकीचे खाली आणावे लागले. दातापुढच्या उंचवट्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. दात लाकडात किती खोल शिरेल हे तो उंचवटा ठरवतो. दाताच्या टोकापेक्षा तो सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो, आणि दात घासून खाली आले की त्यालाही सपाट कानस द्यावी लागते. या साऱ्याला तासाभराहून अधिक वेळ लागला. बागायतदार शेजारी बसून दात मोजत होते. त्यांनीच मध्येच विचारले, "म्हणजे बार जितका मोठा, तितके दात घासायचे?" मला त्यांना नेमके हेच सांगायचे होते. त्यांच्या सरपणात फुटापेक्षा जाड ओंडका क्वचितच येणार. त्यासाठी १८ इंची बार, ७२ लिंक आणि ३६ दात पुरतात, आणि तेच ५८ सीसीचे इंजिन त्या बारवर बाभळीच्या गाभ्यातही दबत नाही.

धार लागल्यावर पहिल्याच कापाला ढलप्या उडाल्या. जाड फांदीतून एक बोळ गेलेला दिसला आणि त्यात पिवळसर पांढरी, बोटाएवढी अळी. बागायतदारांनी ती तत्काळ ओळखली. "हा तर आमच्या बागेतला खोडकिडा!" बाभूळ हे या किडीचे जुने घर, आणि द्राक्षाच्या खोडाशी पडलेला भुसा पाहून ती सापडते. त्यांनी पोखरलेले ओंडके त्याच रात्री जाळण्यासाठी वेगळे काढले. मला मात्र दुसरीच गोष्ट आठवली. १९४६ मध्ये अमेरिकेतील ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत असताना त्याने अशीच एक अळी पाहिली. जबड्याने डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने कुरतडत ती लाकडातून वाट काढत होती. त्यावरून त्याने डाव्या-उजव्या दातांची चेन बनवली. आजच्या चेनची मूळ कल्पना तीच आहे, आणि मी तासभर जे घासत बसलो होतो तेही त्याचेच वंशज.

या बोलण्याच्या भरात माझी चूक झाली. बुंध्याचा मोठा भाग चारीवर आडवा होता, दोन्ही टोकांना आधार आणि मध्ये पोकळी. त्यांच्याकडे अनेक वर्षे कुऱ्हाड चालवणारे नाना मागे उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, हे बसंल. खालून घ्या." मी वरून एक तृतीयांश जाऊन मग खालून घेणार होतो, परंतु चेन लोण्यात सुरी जावी तशी चालली होती आणि मी थांबलो नाही. अर्ध्यावर ओंडका बसला, कापाची तोंडे मिटली आणि बार आत पकडला गेला. इंजिन बंद करून ओढले, हलवले, काही उपयोग झाला नाही. नानांनी एक शब्दही न बोलता बाभळीचीच एक ढलपी तासून पाचर केली आणि कापात ठेवून कुऱ्हाडीच्या माथ्याने ठोकली. दुसऱ्या पाचरीला बार सुटला. उरलेला काप मी खालून घेतला. वरच्या कडेने कापताना चेन यंत्राला आपल्याकडे ढकलते, म्हणून पाय घट्ट रोवून उभे राहावे लागते. ते मी बागायतदारांच्या मुलाला दाखवले, परंतु त्याच्या पायांत चप्पल असल्याने यंत्र त्याच्या हाती दिले नाही.

संध्याकाळपर्यंत ट्रॉलीभर सरपण निघाले. बार बदलण्यासाठी यंत्र पुढच्या आठवड्यात दुकानात आणायचे ठरले. मजुरीचा हिशेब करताना, बार अडकला तो अर्धा तास मी माझ्या वेळातून वजा केला. नाना तिथेच लाकडे रचत होते. ते बागायतदारांना म्हणाले, "तो अर्धा तास माझ्या नावावर धरा, मालक." आणि त्यांनी तो धरला.