पुणे–ताम्हिणी–आंजर्ले : रिव्हर्स कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांचा माग

बाहेरच्या दुकानात बसवून घेतलेला साधा ॲनालॉग रिव्हर्स कॅमेरा. डिकीच्या दारावर नंबरप्लेटच्या वर भिंग, डॅशवर अँड्रॉइड स्टिरिओ, मध्ये सहा मीटर पिवळ्या पिनची केबल. पार्किंगमध्ये चित्र लख्ख, रस्त्यावर पट्टे. घरच्या पार्किंगमध्ये ही तक्रार पकडता येत नाही. म्हणून परतीच्या पावसात ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, बागमांडल्याला जंगलजेटी (गाड्या नेणारी फेरीबोट) आणि पलीकडे वेसवीहून आंजर्ले असा रस्ता धरला.

सोबत मल्टिमीटर, यूपीएसमधली 12 व्होल्टची बॅटरी, चार-पाच मीटर वायर, सँडपेपर, थिम्बल. पॉवर फिल्टर (पुरवठ्यातली थरथर गाळणारा) मुद्दाम घेतला नाही. ॲक्सेसरीजच्या दुकानात पहिलं औषध तेच देतात आणि निम्म्या वेळा दुखणं वेगळंच असतं.

पौडपर्यंत काही नाही. मुळशी ओलांडल्यावर पाऊस लागला, मागची काच धुरकटली, डिफॉगर आणि मागचा वायपर सुरू झाला. त्यानंतर गाडी मागे घेताना पडद्यावर जाड आडवे पट्टे वर सरकू लागले. कॅमेऱ्यात पाणी गेलं असं कुणालाही वाटेल. पण पाणी गेलं की चित्र धूसर होतं, जोडात गेलं तर मुंग्या येतात किंवा चित्र जातं. शिस्तीत सरकणारे पट्टे विजेचे.

घाटात थांबू नये, दरडींचा रस्ता आहे. विळे गावाच्या पुढे सपाटीवर हँडब्रेक ओढून, चाकामागे दगड लावून तपासणी केली. इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू: स्वच्छ. इंजिन चालू: बारीक रेघा, ॲक्सिलरेटरबरोबर दाटणाऱ्या. डिफॉगर दाबला: जाड पट्टे. मग कॅमेऱ्याच्या लाल-काळ्या दोन्ही वायरी गाडीपासून सोडवून यूपीएसच्या बॅटरीवर लावल्या. पट्टे, रेघा सगळं गायब. म्हणजे कॅमेरा आणि केबल निर्दोष. दोष पुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे वीज परत जाण्याची वाट).

दोन्हींतला नेमका कोणता, ते मीटरने सांगितलं. कॅमेऱ्याचा अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात डिफॉगर चालू असताना 0.24 व्होल्ट. 0.1 च्या आत हवा. बसवणाऱ्याने अर्थची काळी वायर डिकीच्या दाराच्याच एका बोल्टला, रंगावर, आवळली होती. डिफॉगर दहा-पंधरा अँपिअर खेचतो आणि ती वीज दाराच्या त्याच अर्थवरून परत जाते. तिच्यावर अल्टरनेटरची थरथर आणि वायपरच्या मोटरची खरखर स्वार असते. वाट अपुरी पडली की थोडी वीज व्हिडिओ केबलच्या जाळीतून स्टिरिओकडे पळते. चित्राचा सिग्नल अवघा 1 व्होल्टचा, त्यातला 0.3 चित्र जागेवर धरणारा. त्यात एवढी भेसळ पुरते.

उपाय अर्ध्या तासाचा. काळी वायर डिकीच्या दारातून काढून आत सामानाच्या जागेच्या तळाशी, बॉडीच्या बोल्टखाली नेली. रंग खरवडून उघडा पत्रा, थिम्बल, वरून ग्रीस (कोकणातली खारी हवा उघडा पत्रा महिन्यात खाते). मीटर 0.03. पट्टे गेले, बारीक रेघाही गेल्या. त्या राहिल्या असत्या तर फिल्टरची पाळी. तो कॅमेऱ्याजवळ लावावा, स्टिरिओमागे नव्हे.

म्हसळ्यात सामान काढताना आणखी एक तपास उरकला: एकाने पडदा पाहावा, दुसऱ्याने डिकी सावकाश उघडावी. अर्ध्यावर चित्र लुकलुकलं तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर आतून तुटली आहे. नळीत जोड देऊ नये, अख्खा तुकडा बदलावा.

तुमच्या गाडीत पट्ट्यांऐवजी चित्र चालू-बंद होत असेल तर रिव्हर्स दिव्याची वीज बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत ती सलग येत नाही, कापून-कापून येते. मीटर 12 ऐवजी 7-8 दाखवतो. तिथे रिले (विजेने चालणारा स्विच) हवा. आकडे त्याच्या पिनांचे: 30 ला बॅटरीची वीज 1 अँपिअर फ्यूजमधून, 87 वरून कॅमेरा, 85 अर्थ, 86 ला रिव्हर्स दिव्याची वायर. त्या वायरीत 1एन4007 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा), पांढरी पट्टी रिलेकडे. आणि 85-86 वर 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा), प्लस 86 ला. डायोड विसरलात तर कपॅसिटर दिव्यातच रिकामा होतो आणि रिले टकटकत राहतो.

चित्र कृष्णधवल किंवा फिरतं असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी स्टिरिओत पाल-एनटीएससी (व्हिडिओ सिग्नलच्या दोन पद्धती) बदलून पाहा.

बागमांडल्याला फेरीबोटीच्या तासभर आधी पोचा, सुट्टीत रांग लागते. गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगितली तर चित्र कितीही लख्ख असो, काच खाली ठेवा आणि खलाशाच्या हाताकडे बघा. बोटीच्या फळीची कड कॅमेऱ्यात सपाट दिसते.