चारमथच्या किनाऱ्यावर अमोनाइट शोधताना

अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाचे जीवाश्म, शोधायला चारमथला निघण्याआधी हवामानाच्याही आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधलं हे छोटं गाव. पश्चिमेला ब्लॅक व्हेनचा कडा, पूर्वेला स्टोनबॅरोचा. भरतीचं पाणी काही ठिकाणी थेट कड्याला भिडतं आणि परतीची वाट बंद होते. आम्ही ओहोटी लागल्यावर, मागे सरणाऱ्या पाण्याच्या पाठोपाठ उतरलो आणि पाणी फिरायच्या आत निघालो. हाच क्रम सगळ्यांनी ठेवावा.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून ॲक्समिन्स्टरला थेट रेल्वे आहे, पुढे बस. जमलं तर हिवाळ्यात जा. वादळी लाटा कड्याचा पायथा पोखरतात, पावसाने वरचा चिखल घसरतो आणि किनाऱ्यावर नवीन दगड येऊन पडतात.

हे कडे म्हणजे सुमारे १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या ज्युरासिक समुद्राचा तळ. काळसर चिखलाचे आणि चुनखडीचे थर एकावर एक. त्या तळाशी प्राणवायू फारच कमी होता, त्यामुळे मेलेले अमोनाइट कुजून नाहीसे व्हायच्या आधी गाळात गाडले गेले आणि शंखाच्या पोकळ्यांमध्ये पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, साचलं. अमोनाइट हे माकुल आणि ऑक्टोपसचे नातलग, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर गेले त्या सुमारास तेही संपले. गंडकीच्या पात्रातला शाळीग्राम हाही अमोनाइटच, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी पहिला अमोनाइट देवघरातच पाहिलेला असतो.

आता शोधायचं कसं. नवखा माणूस हातोडी घेऊन कड्याकडे धावतो. तसं मुळीच करू नका. कड्यात खणायला इथल्या आचारसंहितेनुसार मनाई आहे आणि दगड कधीही कोसळतात. घसरून आलेल्या चिखलावरही पाय ठेवू नका; वरून वाळलेला दिसतो, पण आत माणूस रुततो. खरा शोध किनाऱ्यावर, लाटांनी आधीच धुऊन ठेवलेल्या खड्यांत करायचा. पायराइट साध्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. म्हणून लाटा त्याला हलक्या खड्यांपासून वेगळं काढतात आणि मोठ्या दगडांच्या आडोशाला, खोलगट जागी गोळा करतात. जिथे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे बेलेम्नाइट (माकुलासारख्या प्राण्यांचे जीवाश्म) आणि गंजके लोखंडी तुकडे एकत्र दिसतील, तिथे बसा. हे लोखंड शेजारच्या लाइम रीजिस गावाच्या जुन्या कचराभूमीतलं. २००८च्या भूस्खलनानंतर ते जास्तच वाहून येऊ लागलं. त्यात काचाही असतात, म्हणून हातमोजे हवेत.

बसा हा शब्द मी मुद्दाम वापरला. चालताना काही दिसत नाही. एका जागी उकिडवं बसून थोडा वेळ नुसतं बघत राहिलं की डोळा सरावतो, आणि मग राखाडी खड्यांत एक नियमित वळण आपोआप वेगळं उठून दिसतं. मला पहिला सापडला तो प्रोमायक्रोसेरास प्रकारचा अमोनाइट, नखाएवढा, पितळी झाक असलेला, शंखावरची प्रत्येक बरगडी शाबूत. नंतर एकिओसेरास या दुसऱ्या प्रकाराचा तुकडा मिळाला, गुंडाळलेल्या दोरासारखा, वेढ्यावर वेढा. इतक्या वर्षांनी त्या जिवावर पहिल्यांदा ऊन पडलं होतं आणि ते माझ्या तळहातावर! तो आनंद मला अजून पुरतो आहे.

सुटे पडलेले जीवाश्म उचलायला इथे मुभा आहे, आणि ते मला योग्यच वाटतं. आपण उचलले नाहीत तर काही भरत्यांतच समुद्र ते दळून टाकतो. मात्र हाडं किंवा काही वेगळं दिसलं तर किनाऱ्यावरच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये जाऊन दाखवा, नोंद करा. तिथली माणसं सापडलेलं ओळखूनही देतात. त्यांच्यासोबत मार्गदर्शित फेरीही करता येते. मुलं बरोबर असतील तर तीच घ्या.

लाइम रीजिस जवळच आहे. तिथल्या मॉनमथ बीचवर ओहोटीला चुनखडीची फरशी उघडी पडते, तिच्यात ताटाहून मोठे अमोनाइट रुतलेले आहेत. ते फक्त बघायचे. तिथे हातोडी चालवणं हा पुढच्यांवर अन्याय आहे. जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) याच गावची. तिने १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या लांब मानेच्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा पहिला संपूर्ण सांगाडा शोधला, तरी बाई म्हणून भूशास्त्र संस्थेचं सदस्यत्व तिला मिळणं शक्यच नव्हतं. तिच्या जन्मघराच्या जागी आता संग्रहालय आहे. वेळ काढून जाच.

घरी आल्यावर पायराइटचे अमोनाइट गोड्या पाण्यात भिजवा, पाणी पुन्हा पुन्हा बदला, म्हणजे मीठ निघेल. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवा आणि जागा व तारीख लिहिलेली चिठ्ठी सोबत टाका. ठिकाण माहीत नसलेल्या जीवाश्माचा अभ्यासकांना फारसा उपयोग नसतो. दमट हवेत पायराइट कुजतं, त्यातून आम्ल सुटतं. एखाद्यावर पांढुरकी भुकटी दिसली तर तो लगेच बाकीच्यांपासून वेगळा काढा.