टिंबूचं चाक वाजेनासं झालं तेव्हा

टिंबूचं चाक रात्री वाजत नाहीये हे माझ्या लक्षात यायला तीन दिवस गेले. टिंबू माझा हेजहॉग, अंगभर काटे असलेला छोटासा प्राणी. निशाचर, दिवसभर आपला फ्लीसच्या (मऊ लोकरीसारख्या कापडाच्या) पिशवीत गुरगटून झोपलेला आणि रात्री चाकावर पळणारा, त्यामुळे त्याची तब्येत मला खरं तर चाकाच्या आवाजावरूनच कळायची. तिसऱ्या रात्री लाईट मंद करून पिंजऱ्यासमोर बसून राहिले. तो बाहेर आला, वाडग्याकडे निघाला आणि मध्येच त्याचा मागचा भाग डावीकडे कलंडला. सावरला, दोन पावलं टाकली, परत कलंडला. तेव्हा तो 22 महिन्यांचा होता.

पहिली शंका गारठ्याची आली, आणि ती सगळ्यांनीच आधी तपासावी असं मला वाटतं. पाळले जातात ते बहुतेक आफ्रिकन पिग्मी हेजहॉग, त्यांना साधारण 24 ते 29 डिग्री लागतं. गार पडलं की सुस्त होतात, लडखडतात, पोट हाताला थंड लागतं. युरोपातल्या जंगली हेजहॉगला थंडीतली लांब झोप झेपते, यांच्या मात्र ती जिवावर बेतते. टिंबूचं पोट कोमट होतं, पिंजऱ्यातलं थर्मामीटर 26 दाखवत होतं, तरी मी त्याला टीशर्टच्या आत अंगाशी धरून दीड तास बसले. (असं कधी झालं तर गरम पाण्यात वगैरे घालू नका, अंगाच्या उबेने हळूहळूच गरम करायचं.) गारठा असता तर तो तरतरीत झाला असता. झाला नाही.

पहिल्या डॉक्टरांकडे मुख्यतः कुत्री-मांजरं यायची. टिंबू त्यांच्यासमोर काटे फुलवून चेंडू करून बसला, त्यांना तोंड दिसलं नाही, पाय दिसले नाहीत, अशक्तपणा आहे म्हणून व्हिटॅमिनचे ड्रॉप्स दिले आणि त्यात आमचे दोन आठवडे गेले. मला अजूनही त्या दोन आठवड्यांचं वाईट वाटतं. मग एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या डॉक्टर मॅडम सापडल्या. त्यांनी आधीच सांगितलं की गॅस देऊन थोडा वेळ झोपवल्याशिवाय हेजहॉग नीट तपासताच येत नाही. मी घाबरले होते, पण दहा मिनिटांत दात, हिरड्या, कान, पोट सगळं बघून झालं, मणक्याचा एक्स-रे झाला, रक्त घेतलं. मणक्यातली गादी सरकलेली नाही, कानात इन्फेक्शन नाही, कुठे गाठ हाताला लागली नाही. एकेक कारण बाद होत गेलं आणि मागे राहिलं वॉबली हेजहॉग सिंड्रोम.

मॅडमनी समजावलं ते असं की मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होत जातं, निरोप पायांपर्यंत पोचत नाहीत, सुरुवात बहुतेकदा मागच्या पायांपासून आणि मग हळूहळू पुढे. उत्तर अमेरिकेतल्या पाळीव हेजहॉगमध्ये साधारण 10 टक्क्यांना हा होतो असं नोंदलंय, आणि तो आनुवंशिक असावा असा अंदाज आहे. औषध नाही. खात्रीचं निदानही मेल्यानंतर मेंदू-मज्जारज्जूचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघूनच होतं. मी विचारलं, मग मी काय करू? त्या म्हणाल्या, "तो जे उद्या करू शकणार नाही त्याची सोय आज करून ठेवा."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. चाक मी काढलं नाही, कारण ते त्याला इतकं आवडायचं की काढणं म्हणजे मीच हार मानल्यासारखं वाटत होतं. आठवड्याभरात त्याचा मागचा पाय चाक आणि स्टँडच्या फटीत अडकला आणि मी उठेपर्यंत तो किती वेळ तसाच होता देव जाणे. पाय सुजला, नख उखडलं. त्या दिवशी चाक गेलं, वरचा मजला गेला, रॅम्प गेला. सगळं एका पातळीवर आणलं, खाली फ्लीसचे थर, कडेने टॉवेलच्या गुंडाळ्या म्हणजे कलंडला तरी टेकू मिळेल. वाडगा काढून बशी ठेवली. पाण्याची पण उथळ बशीच, आणि ती तोंडाजवळ, कारण खोल वाडग्यात तोंड गेलं आणि मान उचलता आली नाही तर बुडायला एवढंसं पाणी पण पुरे होतं.

ग्रॅममध्ये मोजणारा किचनचा वजनकाटा मात्र प्रत्येकाकडे आधीपासूनच हवा. रोज संध्याकाळी उठला की खायच्या आधी वजन, वहीत नोंद. 418 वरून तीन दिवसांत 401 झालं तेव्हा मला कळलं की बशी रिकामी दिसतेय पण खाणं आजूबाजूला सांडतंय, पोटात जात नाहीये. हेजहॉग एक-दोन दिवस जरी उपाशी राहिला तरी लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, म्हणून वाट बघायची नाही. मग भिजवलेलं किबल (कोरडं दाणेदार खाणं) वाटून, कोमट करून 1 मिलीच्या सिरिंजने भरवायला लागले. सिरिंज ओठाच्या बाजूने, पोटावर बसलेल्या स्थितीत, डोकं वर न करता, थेंब थेंब. घाई केली की अन्न श्वासनलिकेत जातं. सुरुवातीला तो फुसफुसून चेंडू व्हायचा आणि मी नुसती मांडीवर घेऊन बसायचे, वीस मिनिटं, अर्धा तास, मग नाक बाहेर यायचं, सिरिंजचं टोक हुंगायचा आणि स्वतःच चाटायला लागायचा.

आजाराच्या सहाव्या महिन्यात मागचे पाय पूर्ण गेले. आता खालचं अंग लघवीत भिजायचं, म्हणून दिवसातून तीनदा फ्लीस बदलणं, कोमट पाण्याने पुसणं, दाबून कोरडं करणं, चोळायचं नाही. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची नाहीतर एका बाजूला जखम होते. चालणं नाही म्हणून नखं झिजत नाहीत, ती कापायची. रात्री दोनचा अलार्म माझा, रविवारची रात्र ताई घ्यायची. एकाने विचारलं की एवढ्याशा जिवासाठी एवढं कशाला, मी उत्तर दिलं नाही, पण लागलं ते.

त्याच दिवसांतली एक रात्र. मी नवीन साबणाने हात धुऊन त्याला उचललं, त्याने माझं बोट हुंगलं, चाटलं आणि तोंडात फेस आणायला लागला. नवा वास मिळाला की हेजहॉग लाळेचा फेस करून स्वतःच्या काट्यांना लावतात, त्यासाठी मान पार पाठीकडे वळवावी लागते. टिंबूला वळवता येत नव्हती. तो प्रयत्न करायचा आणि पडायचा. मी एका हाताने त्याचं अंग धरून ठेवलं, आणि त्याने चार-पाच काट्यांना फेस लावला. मग माझ्या हातातच झोपला.

नवव्या महिन्यात वजन 270 च्या खाली गेलं, आणि एका संध्याकाळी तोंडात दिलेलं त्याला गिळता येईना, बाजूने ओघळून यायला लागलं. गिळता येईनासं झालं की थांबायचं, हे मी मॅडमशी आधीच बोलून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं होतं हे किती बरं झालं, कारण त्या वेळी माझं डोकं चाललं नसतं. आधी गॅस दिला, तो पूर्ण झोपला, अंग सैल पडलं, मग इंजेक्शन. सुई त्याला कळली नाही. त्याचा पुढचा पाय माझ्या बोटात होता.

पोस्टमॉर्टेमला मी हो म्हटलं होतं. रिपोर्टमध्ये तोच आजार निघाला. तो मी ज्यांच्याकडून टिंबूला आणलं त्यांना पाठवला, त्या जोडीची पिल्लं पुढे घेणार नाही असं ते म्हणाले आणि टिंबूच्या भावंडांच्या घरीही त्यांनी कळवलं. त्यातल्या एकीचा मला फोन आला. तिची पिल्ली मागे किंचित डोलायला लागली होती, पण चाकावर अजून मजेत पळते म्हणाली, तर चाक कधी काढू?

मी म्हटलं, आज काढ.