कंपालात बोडावर बसायचं तर

कंपालात संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला चारचाकीने निघालात आणि जिंजा रोडला लागलात, की घरी कधी पोचाल ते सांगता येत नाही. त्यामुळे युगांडात बदलीवर आलेला प्रत्येक जण आज ना उद्या बोडाबोडावर, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवर बसतोच. बहुतेक जण कोपऱ्यावर जो दिसेल त्याच्या मागे उघड्या डोक्याने बसतात. मला ते बघवत नाही. नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी मी स्वतः काय काय केलं ते लिहिते आहे.

इथल्या बोडा बऱ्याचशा बजाज बॉक्सर आहेत. आकुर्डीच्या कंपनीची गाडी, त्यात वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे पुण्याहून आलेल्या माणसाला परकं वाटतच नाही. पण त्या ओळखीवर विसंबू नका. मुलागो हॉस्पिटलमध्ये बोडाच्या अपघातात जखमी झालेली माणसं सतत येत असतात, आणि पाय मोडण्यापेक्षा डोक्याला लागलेला मार किती वाईट हे तिथला कोणीही डॉक्टर सांगेल.

निघण्याआधी मी विमा कंपनीला ईमेल करून सरळ विचारलं, की भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसले असताना अपघात झाला तर खर्च मिळेल का? फोनवर "हो हो, सगळं कव्हर आहे" असं सांगितलं होतं. लेखी उत्तरात मात्र हेल्मेटची अट निघाली. ते उत्तर मी छापून पासपोर्टच्या प्रतीबरोबर ठेवलं आहे. तुम्हीही लेखीच मागा.

हेल्मेट पुण्याहूनच घेतलं. पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) लिहिलेलं. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यास-आढाव्यात आहे. बॅगेत दीड किलो वजन वाढतं, वाढू दे. बोडावाल्याकडे जादा हेल्मेट असलंच तर ते प्रत्येकाच्या डोक्यावरून फिरून ढिलं झालेलं असतं. माझ्यापुढे एकाने अगदी अगत्याने हेल्मेट धरलं, तर त्याच्या पट्ट्याचं बक्कलच तुटलेलं होतं आणि पट्टा गाठ मारून अडकवलेला. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत आणि डोकं हलवल्यावर हेल्मेट डोक्याबरोबरच हलावं, एवढं तरी बघाच.

चालक निवडणं हे सगळ्यात महत्त्वाचं. सेफबोडासारख्या ॲपवरून मागवली तर चालकाचं नाव, नंबर आणि प्रवासाची नोंद राहते. ही सेवा २०१४ मध्ये कंपालातच सुरू झाली, तिची केशरी हेल्मेटं लांबूनही ओळखू येतात. गाडीचा नंबर ॲपमधल्या नंबरशी जुळवल्याशिवाय मी बसत नाही. ॲप नसेल तर घराजवळच्या ‘स्टेज’वर, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या थांब्यावर जायचं. रस्त्यात हात करून कोणालाही थांबवायचं नाही. स्टेजवर सगळे एकमेकांना ओळखतात. आमच्या सोसायटीच्या राखणदाराला मी विचारलं, "तुमच्या बायकोला दवाखान्यात न्यायचं असेल तर कोणाला हाक माराल?" त्याने ज्याच्याकडे बोट दाखवलं, तोच आता माझा नेहमीचा बोडावाला आहे.

बसण्याआधी मी गाडीभोवती एक फेरी मारते. मागच्या टायरला नक्षी शिल्लक आहे का? चालकाचं हेल्मेट डोक्यावर आहे की टाकीवर? भाडं ठरवताना जवळून दोन वाक्यं बोलायची, दारूचा वास असेल तर तिथेच कळतो. कंपालातल्या वांडेगेया भागात एकदा असा वास आला. "नको, सेबो" (म्हणजे साहेब) म्हटलं आणि पुढच्याकडे गेले. तो रागावला, बाकीचे हसले. हसू देत. भाडं आधीच ठरवायचं हेही सुरक्षेचंच आहे, उतरल्यावर अनोळखी जागी वाद घालायची वेळ येत नाही.

बसताना दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. इथल्या बायका गोमेसी (पारंपरिक लांब पोशाख) किंवा स्कर्टमुळे एका बाजूने बसतात, पण त्यात तोल सांभाळता येत नाही. मी ऑफिसला पॅन्टच घालते. मागची दांडी घट्ट धरायची, गुडघे आत घ्यायचे, कारण दोन मटाटूंच्या, म्हणजे प्रवासी मिनीबसच्या मधून गाडी जाते तेव्हा अंतर वीतभरच असतं. सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून डावीकडूनच चढायचं-उतरायचं. उजव्या पोटरीवर भाजल्याचा डाग असलेले किती तरी जण इथे भेटतात. पर्स खांद्याला लटकवू नका, शेजारून जाणारी बोडा ती ओढून नेते आणि पर्सबरोबर माणूसही खाली येतो. सॅक मी चालक आणि माझ्या मध्ये ठेवते, मोबाइल आतल्या खिशात.

वेग वाढला की "म्पोला म्पोला" म्हणायचं, म्हणजे हळूहळू. लाजायचं नाही. एकदा सांगून ऐकलं नाही तर "इथेच थांबवा" म्हणून उतरायचं, ठरलेले सगळे पैसे द्यायचे आणि दुसरी बघायची. शिलिंग गेले तर गेले. उलट्या दिशेने घुसला किंवा तिसऱ्या माणसाला बसवायला लागला, तरी हेच.

मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर पावसाचे. डांबर सोडून मुरमाचा लाल रस्ता लागला की भिजलेल्या मातीवरून चाक सरकतं, उतारावर तर ब्रेकचा उपयोगच राहत नाही. सर आली की बोडावाले स्वतःच पेट्रोल पंपाच्या छपराखाली जमतात. तुम्हीही तिथेच थांबा, घाई करून त्याला बाहेर काढू नका. उशीर होईल असं ऑफिसला कळवायचं.

अंधार पडल्यावर मी बोडा घेत नाही, ओळखीच्या चालकाचीही नाही. विमानतळासाठी तर मुळीच नाही. एंटेबे साधारण चाळीस किलोमीटर आहे, सामान घेऊन तेवढं मोटरसायकलवर जायचं कारणच नाही. आदल्या दिवशीच गाडी सांगून ठेवायची.