फक्कीनं आखलेला कॉम्प्युटर

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आहेत, हे कागदावर कायमच खरं होतं. यू-डायसचा, म्हणजे सरकारला शाळेची माहिती कळवायचा फॉर्म दरवर्षी माझ्याच गळ्यात असतो. त्यात मी इमानेइतबारे लिहायचे: संगणक कक्ष – होय, संगणक – १२. खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि खोलीत बाराही यंत्रांवर जुन्या चादरी. शाळांना कॉम्प्युटर देणाऱ्या सरकारी आयसीटी योजनेतून ती आली होती. पुरवठादाराशी पाच वर्षांचा करार होता, त्यातच शिकवायला एक निदेशकही मिळाला होता. करार संपला, निदेशक गेला, यंत्रं शाळेच्या गळ्यात राहिली. हळूहळू खोलीत मोडके बाक आले, तांदळाची पोती आली. मग उंदीर आले, ते काय सांगायचं.

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली ही अनुदानित शाळा. आठवी ते दहावी. मी गणित शिकवते. कॉम्प्युटरमधलं माझं शिक्षण म्हणजे एमएससीआयटी, आणि तेही वेतनवाढ अडू नये म्हणून केलेलं.

दहावीला गणितात ९१ मार्क मिळवलेली आमची एक मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी अकरावी सायन्सला गेली. तिथं कॉम्प्युटर सायन्स हा द्विलक्षी, म्हणजे निवडीचा व्यवसायाभिमुख विषय होता, २०० मार्कांचा. तिनं फॉर्मच भरला नाही. दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तिथल्या पोरींना सगळं येतंय. मी तर माउस पण कधी हातात धरला नव्हता." मला ते लागलं. ज्या वर्गात ती तीन वर्षं बसली, तिथून ती बंद खोली वीस पावलांवर होती.

किल्ली मागितली तर सर म्हणाले, "हात लावू नका मॅडम. काही बिघडलं तर डेडस्टॉकचं उत्तर मला द्यावं लागतं." डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाची नोंद. बंद पडलेली वस्तू आणखी काय बिघडणार, हे विचारण्यात अर्थ नव्हता. डेडस्टॉक रजिस्टरची भीती काय असते, ती त्या खुर्चीत बसणाऱ्यालाच माहीत. मग रीतसर अर्ज दिला, पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय ठेवला, ठराव लिहून घेतला. यात दोन महिने गेले. ठराव झाल्यावर मात्र सरांनी स्वतः उभं राहून खोली झाडून घेतली, हेही सांगायला हवं.

तालुक्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी रविवारी आला. त्यानं डबा उघडला, रॅमची पट्टी काढली आणि माझ्याकडे खोडरबर मागितलं. मला वाटलं थट्टा करतोय. पट्टीच्या सोनेरी कडेवरची काजळी त्यानं खोडरबरानं घासली, पट्टी परत बसवली, आणि यंत्र सुरू झालं! पडद्यावर तारीख १ जानेवारी २००२. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ असं मागं जातं. नवा सेल तीस रुपयांचा. संध्याकाळपर्यंत याचं त्याला लावून बारापैकी पाच यंत्रं उभी राहिली.

पाच यंत्रं आणि नववीची त्रेचाळीस मुलं. शिकवायला स्क्रॅच घेतलं, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं सॉफ्टवेअर. एमआयटी मीडिया लॅबनं २००७ साली काढलेलं, फुकट, आणि एकदा यंत्रात टाकलं की इंटरनेट लागत नाही. पडद्यावर ठोकळ्यांत ठोकळे अडकवायचे की तिथलं मांजर चालतं. ठोकळ्यांवरचे इंग्रजी शब्द मुलांनीच भिंतीवर मराठीत लिहिले. 'फॉरएव्हर'ला एकानं 'सारखंसारखं' लिहिलं. मी ते बदलू दिलं नाही.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली. प्रत्येक यंत्रासमोर खुर्चीत मुलगा, त्याच्या दोन्ही बाजूंना मुलगे, आणि मागं भिंतीला टेकून मुली. मी कुणालाच तसं बसायला सांगितलं नव्हतं. मुलींना विचारलं तर म्हणाल्या, "आम्हाला दिसतंय की मॅडम." मग नियम केला. माउस ज्याच्या हातात, त्यानं स्वतःच्या डोक्यानं काही करायचं नाही. शेजारी बसलेली सांगेल तेवढंच करायचं. दर दहा मिनिटांनी शिपाईमामा टोल देणार आणि जागा बदलणार. मुलं आठवडाभर कुरकुरली. एका वडिलांचा फोनही आला, की पोरगा घरी तोंड पाडून बसतो. बसू दे म्हटलं.

एवढं जमलं तर वीज जायला लागली. शाळेच्या वेळेत हमखास. यूपीएसच्या बॅटऱ्या तर केव्हाच मेलेल्या. तेव्हा मी 'सीएस अनप्लग्ड'कडे वळले. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाच्या टिम बेल यांच्या मंडळींनी वाढवलेली ही पद्धत. कॉम्प्युटर न वापरता कॉम्प्युटर सायन्स शिकवायचं. गणिताच्या बाईला आणखी काय हवं? पुठ्ठ्याच्या पाच कार्डांवर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढले. कार्ड उघडं म्हणजे १, पालथं म्हणजे ०. तेवढ्यावर शून्यापासून ३१ पर्यंत सगळे आकडे होतात. बायनरी, म्हणजे नुसत्या ० आणि १ नं आकडे लिहायची ही पद्धत, मुलांना एका तासात कळली.

खरी मजा मैदानावर आली. खो-खोसाठी आणलेली फक्की घेऊन आम्ही जमिनीवर एक जाळं आखलं. एका टोकाला सहा मुलं, हातात आकड्यांच्या चिठ्ठ्या. रेषेवरून चालायचं, गोल आला की समोरून येणाऱ्याशी चिठ्ठी ताडून बघायची. लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. असे एकूण १२ गोल. सुरुवातीला कुणी कुठंही उभं राहा, पलीकडे सगळे चढत्या क्रमानं बाहेर पडतात. दोनदा झालं, तीनदा झालं, मुलं ओरडायला लागली. तेवढ्यात नेहमी भिंतीला टेकणाऱ्यांपैकी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिकडून इकडं चालत आलो तर?"

उत्तर मला येत नव्हतं. म्हटलं, बघू. उलटं चालून पहिल्यांदा क्रम बरोबर आला. सगळे म्हणाले, जमतंय. ही म्हणाली, "एकदा जमलं म्हणून काय झालं?" आणि वहीत आकडे मांडत बसली. मधली सुट्टी संपायच्या आत तिनं एक असा क्रम काढला, की उलट्या बाजूनं चालल्यावर दोन आकडे चुकीच्या जागी निघाले. एक उदाहरण चुकलं की दावा पडला. हे मी भूमितीच्या तासाला वर्षानुवर्षं सांगत आलेय. स्वतःहून ते वापरणारं पोरगं पहिल्यांदा बघितलं.

तिचं नाव मी बेब्रासला घालणार होते. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली ही स्पर्धा. बेब्रास म्हणजे तिकडच्या भाषेत बीव्हर, धरणं बांधणारा प्राणी. प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, डोकं चालावं लागतं. भारतात ती एसीएम इंडिया या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संस्थेच्या सीएसपाठशाला उपक्रमातून होते, मराठीतही. पण होते नोव्हेंबरच्या आसपास. आणि आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात.

तिच्या आईवडिलांचा कोयता होता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतले की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, हंगाम संपेपर्यंत, सुटका नाही. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण ती आठवीपर्यंत. ही नववीत. वरून दोन वर्षांचा भाऊ, त्याला उसाच्या फडात कोण सांभाळणार? मी घरी गेले. आई म्हणाली, "बाई, तुमचं खरंय. पण हिला मागं ठेवू कुणाजवळ?" चुलत्याचं घर होतं, पण तिथं वयात आलेली पोर ठेवायला त्यांचा जीव धजेना. याला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. ती गेली. नववीचे अकरा जण त्या आठवड्यात गेले.

दिवाळीनंतर मी वेळापत्रक फाडलं. पुस्तकी क्रमानं शिकवायचं म्हटलं तर स्क्रॅचमधला महत्त्वाचा भाग, व्हेरिएबल आणि अटी, जानेवारीत येतो. म्हणजे नेमका त्या अकरा जणांना कधीच मिळत नाही. आता सगळं जून ते दसरा एवढ्यात बसवलंय, रोज शून्य तासिकेला, म्हणजे शाळा भरायच्या आधी. शाळा सुटल्यावर जादा वर्ग घेऊन बघितला होता, पण साडेपाचची एसटी चुकली की मुलींना घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. दसऱ्यानंतर जी मुलं राहतात त्यांची उजळणी आणि बेब्रासची तयारी. यात राहिलेल्यांवर थोडा अन्याय होतो, हे मला कळतं.

ती मुलगी गुढीपाडव्यानंतर परत आली, भावाला कडेवर घेऊनच. वार्षिक परीक्षेला बसली. ठिपक्यांची पाच कार्डं मी जाताना तिला दिली होती, त्यातली चारच उरली होती. आठाचं कार्ड बैलानं खाल्लं म्हणाली.

यंदा जूनमध्ये खोली उघडली, तर पाचपैकी दोन यंत्रं पुन्हा १ जानेवारीवर. सेलचं पाकीट आता माझ्या पर्समध्येच असतं. पहिल्या दिवशी सेल तिनंच बदलले, माउस दुसऱ्याच्या हातात होता.