कुलूप स्वच्छ होतं

पहिल्या कादंबरीचा पहिला खर्डा मी शब्द मोजत लिहिला. नोकरी हिशेबाची, त्यामुळे वहीच्या शेवटच्या पानावर आपसूकच रकाने आखले गेले: तारीख, आजचे शब्द, एकूण शब्द. पहाटे साडेपाचला बसायचं, साडेसातला उठायचं, मध्ये पाचशे शब्द झालेच पाहिजेत. कल्पना माझी नव्हे. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करता करता अशाच पहाटे लिहायचा. समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली छापल्या गेलेल्या आत्मचरित्रात त्यानं हे सगळं सरळ सांगून टाकलंय. एवढा वेग मला जन्मात जमणार नव्हता. मी दोन तासांत पाचशेवर तडजोड केली.

खरं तर पाचशे शब्द म्हणजे फार नाहीत. पण रोज म्हटलं की त्यात काय काय शिरतं ते लिहायला बसल्यावर कळतं. आदल्या रात्रीचं जागरण, डोकेदुखी, ऑफिसातलं वर्षअखेरीचं काम. चाळीस हजाराच्या आसपास तर असे तीन आठवडे गेले की रोज बसायचे आणि पात्रांना नुसतं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरवायचे. शब्द भरायचे, प्रसंग घडायचा नाही. तरी रकाना रिकामा सोडला नाही. याचा मला तेव्हा अभिमान होता.

दहा महिन्यांत ८६ हजार शब्द झाले. गोष्ट साधी होती. वडील गेलेत, त्यांचं एक कपाट कुलूपबंद आहे, किल्ली सापडत नाही. दोन भाऊ, धाकट्याची बायको आणि एक लग्न झालेली बहीण. कपाटात वडिलांनी एका अनोळखी बाईला वर्षानुवर्षं पाठवलेल्या पैशांच्या पावत्या आहेत. थोरल्यानं गुपचूप कपाट उघडून त्या पाहिल्यात. निवेदकही तोच, प्रथमपुरुषी. मनातलं सगळं सांगणारा निवेदक सोपा पडतो, म्हणून घेतला होता.

बाड मैत्रिणीला वाचायला दिलं. ती कधी खोटी स्तुती करत नाही, म्हणून तिलाच. पंधरा दिवसांनी परत आलं तेव्हा १४० व्या पानाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "इथे झोपले."

मी आधी भाषेवर राग काढला. दोन महिने विशेषणं बदलत बसले. 'गडद'चं 'काळंभोर' केलं, मग पुन्हा 'गडद' केलं. (या दोन महिन्यांची नोंद वहीत नाही. ठेवायला हवी होती.) शेवटी तिलाच फोन करून विचारलं, नक्की कंटाळा कशाचा आला? ती म्हणाली, "अगं, कपाटात काय आहे ते तू नवव्या पानावरच सांगितलंस. मग पुढची अडीचशे पानं मी कशाची वाट बघायची?"

फोन ठेवला आणि मी वहीत नवे रकाने आखले. कोण. त्याला काय माहीत आहे. आणि तिसरा, आपल्याला काय माहीत आहे असं त्याला वाटतं. एकेका प्रकरणासाठी हा तक्ता भरत गेले तेव्हा लक्षात आलं, माझ्या निम्म्याहून जास्त प्रसंगांत सगळ्यांना सगळं माहीत होतं. दोन माणसं समोरासमोर बसून एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी वाचकाला ऐकू जातील अशा बेतानं बोलत होती. भांडत होती, रडतही होती, पण ते पुढे काही हलत नव्हतं.

थोरल्याकडून निवेदन काढून घेतलं आणि धाकट्या सुनेच्या खांद्यावरून गोष्ट पाहायची ठरवली, तृतीयपुरुषी. ती घरात नवी, तिला कोणी काही सांगत नाही, पण साफसफाई तिच्याच हातात.

पहिल्या खर्ड्यात थोरला रात्री आरशासमोर उभा राहून दीड पान स्वतःला दोष देत होता. ते सगळं गेलं. त्या जागी आता एवढंच आहे: सून स्टुलावर चढून कपाट पुसतेय. माथ्यावर बोटभर धूळ. दारांवरही धूळ. कुलूप मात्र स्वच्छ. ती खाली उतरते, फडका झटकते आणि पेपर वाचत बसलेल्या दिराला विचारते, "भाऊजी, किल्ली सापडली का हो?"

"कुठली किल्ली?"

बस्स. घरात गेले सहा दिवस सगळे एकच किल्ली शोधतायत.

हा बदल स्वस्तात झाला नाही. सून जिथे हजर नाही ते सगळे प्रसंग बाद झाले, म्हणजे ३१ हजार शब्द. त्यात मला सर्वांत आवडणारा, दोन भावांचा गच्चीवरचा प्रसंगही गेला. तो वेगळ्या फाइलमध्ये 'नंतर वापरू' म्हणून ठेवलाय. कधी वापरणार नाही, हे ठाऊक असून. उरलेलं जुन्या फाइलमध्ये दुरुस्त करायचं नाही, कोऱ्या पानापासून पुन्हा टाइप करायचं, असं ठरवलं. चांगलं दिसणारं वाक्य कॉपी करून पुढे ढकलता येतं. हातानं पुन्हा लिहायचं म्हटलं की त्याचा कंटाळा येतो, आणि ज्या वाक्याचा मलाच कंटाळा येतो ते मी गाळलं. एकूण शब्दांच्या रकान्यात आठवडेच्या आठवडे वजाबाकी. हिशेबाच्या माणसाला हे बघवत नाही.

याच काळात ट्रोलपचं ते पान पुन्हा वाचलं आणि स्वतःवर हसले. घड्याळ आणि २५० शब्द मी उचलले होते, पण त्याच पानावरचं पुढचं वगळलं होतं. रोज लिहायला लागण्यापूर्वी तो अर्धा तास कालचं लिखाण वाचायचा, शब्दांचा नाद कानानं तोलत. मग मीही मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्याच आठवड्यात सापडलं की माझी चारही माणसं "खरं सांगायचं तर" म्हणून वाक्य सुरू करतात. ती लकब आता एकट्या थोरल्याकडे आहे, कारण खरं न सांगणारा तोच. बहिणीचं गरोदरपण तेरा महिने चाललंय, हेही त्याच सुमारास कळलं. ते कॅलेंडर घेऊन एका दुपारी निस्तरलं.

आता पहाटेचा क्रम असा आहे: अर्धा तास कालचं मोठ्यानं वाचन, मग वहीत एक ओळ, 'आज कोणाला काय माहीत नाही?' ती ओळ लिहिता आली नाही तर त्या दिवशी प्रसंग लिहीत नाही. एखादी खोली, एखादा चेहरा, असं काहीबाही लिहून उठते. दिवसाला कधी तीनशे शब्द होतात, कधी सत्तर.

तिसरा खर्डा ६१ हजारांवर थांबला. बाड पुन्हा मैत्रिणीकडे आहे. परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, "९६ व्या पानावर आहे. किल्ली कोणाकडे आहे ते सांगू नकोस."