तुम्ही विचारलंत म्हणून: तेवढ्याशा बशांनी पोट भरतं का?

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्याकडे पाहुणे आले आणि त्यांना पेरू देशाच्या धाटणीच्या रेस्टॉरंटमध्ये नेते म्हटलं, की प्रश्न ठरलेला: "तिथे म्हणे एवढंएवढंसं वाढतात आणि बिल हे एवढं! पोट तरी भरतं का?" परवा नागपूरहून नणंदेनंही फोनवर हेच विचारलं. भरतं हो. फक्त मागवायचं कसं, ते माहीत हवं.

बशी लहान ठेवण्यात काही ठिकाणी निव्वळ चिकटपणा असतो, हे कबूल. पण सेविचेची बशी लहानच हवी. कच्च्या माशाचे तुकडे, मीठ, मिरची, कांदा आणि वरून लिंबाचा रस. आंबटाने माशातली प्रथिनं आळतात. पारदर्शक तुकडा कडेकडेने पांढरा होत जातो आणि मधोमध अजून ओलसर, मऊ असतो. खायचं ते तेव्हाच. लिंबू काही थांबत नाही, त्याचं काम चालूच राहतं आणि थोड्या वेळाने तोच तुकडा चिवट लागतो. चौघांत मिळून मोठं भांडं मागवून गप्पा मारत बसलात, तर शेवटचा घास पहिल्यासारखा लागणारच नाही.

पूर्वी पेरूतही मासा तासन्‌तास मुरवत. तो वेळ मिनिटांवर आला तो तिथल्या जपानी स्वयंपाक्यांमुळे. 1899 साली ‘साकुरा मारू’ जहाजातून पहिले जपानी मजूर उसाच्या मळ्यांवर राबायला पेरूत उतरले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी जी पाककला घडवली तिला निक्केई म्हणतात. माशाच्या पातळ चकत्यांवर आयत्या वेळी आंबट-तिखट रस ओतलेलं तिरादितो हे तिचंच अपत्य.

सेविचेसोबत उकडलेल्या रताळ्याची फोड आणि टपोऱ्या दाण्यांचा मका असतो. तो शोभेसाठी नाही. आंबटाने दात शिवशिवले की रताळ्याचा तुकडा तोंडात टाकायचा. तळाशी उरलेलं दुधट पाणी म्हणजे ‘लेचे दे तिग्रे’, वाघाचं दूध. ते सोडू नका, खुशाल बशी तोंडाला लावा. मात्र लिंबाने मासा शिजल्यासारखा दिसला तरी जंतू किंवा कृमी मरतातच असं नाही. म्हणून मासा आधी नीट गोठवलेला होता का, हे बेलाशक विचारावं, आणि गरोदर बाईने या बशीच्या वाटेला जाऊ नये.

मग काउसा. कुस्करलेला पिवळा बटाटा, त्यात आही आमारियो या पिवळ्याधमक मिरचीचं वाटण, लिंबू, तेल. मधल्या थरात अवोकाडो, ट्यूना किंवा चिकन. आणि हे सगळं थंड. बटाटेवड्याचं सारण फ्रिजमधून काढून कुणी पुढ्यात ठेवलं तर जसं वाटेल, तसं आपल्या माणसाला पहिल्या घासाला वाटतं. दुसऱ्या घासाला तक्रार राहत नाही. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतला. तिथे त्याच्या हजारो जाती आहेत, तेव्हा या लोकांना बटाट्यातलं कळतं असं मानायला हरकत नाही. शाकाहारी असाल तर मधल्या थरात काय आहे ते आधी विचारा. अँटिकुचोचंही तसंच. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं हे मांस अस्सल पद्धतीत बीफचं हृदय असतं. पाहुण्यांना ते मी मागवण्याआधीच सांगते, खाल्ल्यावर नाही.

‘क्रिएटिव्ह’ म्हणवणाऱ्यांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. पेरूची राजधानी लिमा, तिथल्या ‘सेंत्राल’ रेस्टॉरंटने समुद्रापासून अँडीजपर्यंतच्या उंचीप्रमाणे पदार्थ मांडले आणि 2023 साली जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिला नंबर मिळवला, 2025 मध्ये तो मान लिमातल्याच निक्केई ‘माइदो’ला गेला. त्यामागे विचार आहे, मेहनत आहे. इकडच्या नकलाकारांनी त्यातून उचलले काय, तर दगडी ताटल्या आणि फुलांच्या पाकळ्या! मेन्यूत फेस आणि धूरच जास्त दिसला, तर मी पाणी पिऊन उठते.

तर दोघांसाठी हिशोब असा: दोन थंड बशा, दोन गरम, आणि शेवटी एक आरोस चाउफा. हा चिनी स्थलांतरितांनी पेरूत रुजवलेला फ्राइड राइस. खरं पोट भरतो तो हाच. सगळं एकदम आणू नका, असं वेटरला आधीच बजावायचं. दारू नको असेल तर जांभळ्या मक्याची, दालचिनी-लवंग घातलेली चिचा मोरादा घ्यावी.

एवढं करूनही ज्यांना ताट भरलेलंच हवं, त्यांना मी सरळ न्यू जर्सीतल्याच पॅटरसन शहरात नेते. पेरूच्या लोकांची तिथे मोठी वस्ती आहे. निखाऱ्यावर भाजलेली अर्धी कोंबडी, भात, बटाट्याचे काप आणि हिरवी झणझणीत चटणी. नणंदेलाही तेच सांगितलंय, येशील तेव्हा आधी तिकडेच जाऊ.